पाटी

एकोणीस वर्षं मी गावांची नावं घेतली.
देवास, उज्जैन, महू, धार,
बडवाह-सनावद-खंडवा, फलाट चार,
सुटे पैसे हातात ठेवा.
सरवटे बस स्टँडवरची ती काचेची खोली,
आत पंखा, माझ्यापेक्षा जास्त बोलणारा.

फाल्गुनात एकदा महेश्वर म्हणायला गेले
तर ‘म’ निघाला, पुढे नुसती हवा.
बाकीचं गाव घशातच राहिलं,
स्टॉप हुकलेल्या म्हाताऱ्यासारखं.

डॉक्टर मांडलोईंनी जीभ फडक्यात धरली,
आत नळी घातली, पडद्यावर दाखवलं :
दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोघींवर
समोरासमोर साबुदाण्याचा एकेक दाणा.
“खाता काय?”
सांगितलं. सकाळी पोहे, वर सेव, जिरावण.
ड्यूटीवर चहा, कधी मोजला नाही.
थंडीत रात्री अकराला सराफ्यात गराडू,
घरी आलं की लगेच आडवं.
“आडवं झालं की पोटातलं आंबट वर येतं.
रात्रभर गळ्याचं लोणचं घालता तुम्ही.”
जेवण साडेसातला. पाणी घोट घोट, दिवसभर.
वाफ साधी, तिच्यात बाम नको.
खाकरायचं नाही. कुजबुजायचंही नाही,
कुजबुज म्हणजे टाचा उचलून चालणं,
पाय थकतातच.
मी उठले तेव्हा म्हणाले,
“तुमच्याजवळ तर माइक आहे.
मग ओरडता कुठे?”

पंधरा दिवस पाटी.
रेवाची बालवाडीतली, एक कोपरा तुटलेला.
लिहिलं : दुधी.
लिहिलं : मुगाची खिचडी, मिरची नको.
रेवा म्हणाली, आई, आज पण?
मी ‘पण’खाली रेघ मारली.
बस स्टँडवर माझ्या जागी बबिता गेली,
ती म्हणे सनावदला सनावाद म्हणते.
मला काय. मी मिठाच्या कोमट पाण्यानं
नाक धूत होते, मोरीवर वाकून,
या नाकपुडीतून त्या नाकपुडीत
एक छोटी नर्मदा.

आणि गप्प बसलं की ऐकू येतं.
दूध वर येण्याआधीचं दूध.
टीव्हीचा आवाज अडतीसवर.
तो अडतीसवर कोणी नेला?

चौथ्या रात्री जेवताना
रेवा दिगंबरच्या उजवीकडे बसली होती.
“बाबा, पेरू कापू?”
तो वरणात भात कालवत राहिला.
“बाबा, पेरू?”
भात.
ती पाणी ठेवायला डावीकडे गेली,
तेच म्हणाली, तेवढ्याच आवाजात.
“हो, काप की.”

माझ्या हातात खडू होता.
चोवीस वर्षं खंडव्याची गाडी,
भेरू घाटात उजवी खिडकी उघडी,
समोरून येणारा प्रत्येक हॉर्न त्याच कानात.
वरून बसच्या किल्लीनं
तोच कान कोरायची सवय.
मला वाटायचं, लक्ष देत नाही माणूस.
मीठ संपलं, गॅस आला, रेवाला ताप आहे,
सगळं मी स्वयंपाकघरातून
फलाट चारपर्यंत फेकत होते.

पाटीवर लिहिलं : उजव्या कानानं ऐकू येतं?
त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.
मग हसला, नीट नाही, अर्धंच.
“तू बोलायचीस ते तर सगळं
ऐकू येऊन राहिलं होतं ना!”
मी पाटी पुसली. लिहायला काही सुचेना.
पेरूच्या फोडीवर मीठ जरा जास्त पडलं होतं,
कोणीच काही बोललं नाही.

मांडलोईंकडे एक काचेची खोली आहे.
आत दिगंबर, कानांवर हेडफोन,
शिटी ऐकू आली की बोट वर करायचं.
काचेच्या बाहेर मी, पहिल्यांदाच.
डाव्याला बोट लगेच उठत होतं.
मग उजवा.
बोट मांडीवर.
मी मनातल्या मनात गाडी सोडली :
सिमरोल. बाई. बलवाडा.
बडवाह. मोरटक्का, खाली पाणी.
सनावद गेलं.
खंडवा दिसायला लागलं तेव्हा
बोट जरासं हललं,
आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं,
बरोबर आहे का विचारावं तसं.